शिबिरातील टाचेच्या यंत्राने हाडे ठिसूळ असल्याचे सांगितले. पुढे काय करावे?

वेण्णाकाठ (सातारा)

सर्वांना नमस्कार. सासूबाईंच्या हाडांविषयी एक प्रश्न येथे सविस्तर मांडत आहे. त्यांचे वय ६४ असून त्या साताऱ्याजवळ आमच्या गावीच राहतात. मागील महिन्यात गावच्या समाजमंदिरात हाडांच्या तपासणीचे मोफत शिबिर झाले. तेथे टाच एका लहान यंत्रात ठेवून तपासणी केली आणि ‘टी-स्कोअर उणे २.९, ऑस्टिओपोरोसिस’ (म्हणजे हाडे विरळ व ठिसूळ होणे) असे लिहिलेला कागद व कॅल्शियमच्या गोळ्या हातात दिल्या. त्या दिवसापासून त्यांनी शेतावर जाणे, पायऱ्या चढणे, घागर उचलणे असे सगळेच थांबवले आहे, कारण ‘आता हाड केव्हाही मोडेल’ ही भीती त्यांच्या मनात बसली आहे.

या आकड्यावर कितपत विश्वास ठेवावा, केवळ कॅल्शियमच्या गोळ्या पुरेशा आहेत का आणि त्यांनी चालणे-फिरणे खरोखर कमी करावे का, हे जाणून घ्यायचे आहे. इतर माहिती अशी की, त्यांची पाळी ४३व्या वर्षीच गेली, थायरॉइडची गोळी बरीच वर्षे सुरू आहे, मिश्री लावण्याची सवय आहे आणि अलीकडे पाठीला थोडा बाक आल्यासारखा वाटतो. गेल्या पावसाळ्यात अंगणात पाय घसरून उजवे मनगट मोडले होते, पण प्लास्टरने ते व्यवस्थित जुळून आले.

माणदेशी

आमच्या तालुक्यातही असेच शिबिर झाले होते आणि रांगेतील जवळजवळ प्रत्येक बाईच्या कागदावर ‘हाडे कमकुवत’ असाच शेरा होता. त्यामुळे या धाग्यावरील उत्तरांची मीही वाट पाहत आहे.

अस्थिवैद्य (मिरज)

वेण्णाकाठ ताई, मी मिरजेत अस्थिरोगतज्ज्ञ म्हणून दीर्घकाळ काम करून आता निवृत्त झालो आहे. रुग्ण समोर नसताना निदान करता येत नाही, ही मर्यादा सांभाळूनच लिहितो.

आपण जी गोष्ट अगदी शेवटी, जाता जाता लिहिली आहे, तीच माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. पन्नाशीनंतर केवळ उभ्या उंचीवरून पडल्यामुळे मनगट, खुबा, मणका किंवा दंडाचे वरचे टोक मोडले, तर ते हाड आतून ठिसूळ झाल्याचा इशारा मानावा लागतो, मग कोणत्याही यंत्राचा आकडा काहीही असो. दुर्दैवाने आपल्याकडे प्लास्टर काढले, हात हलू लागला की प्रकरण संपले असे रुग्णही समजतो आणि पुष्कळदा उपचार करणाराही. वास्तविक मनगटाचा अस्थिभंग हा खुब्याच्या अस्थिभंगाच्या कित्येक वर्षे आधी मिळालेली पूर्वसूचना असू शकतो, आणि औषधोपचाराचा सर्वाधिक लाभ याच मधल्या काळात होतो.

आता शिबिरातील यंत्राविषयी. टाचेचे यंत्र ध्वनिलहरी हाडातून पाठवून त्यांचा वेग आणि त्या किती शोषल्या जातात हे मोजते. टी-स्कोअर म्हणजे तरुण, निरोगी व्यक्तींच्या सरासरीशी केलेली हाडांच्या घनतेची तुलना. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ठरवलेली ‘उणे २.५ किंवा त्याहून कमी म्हणजे ऑस्टिओपोरोसिस’ ही मर्यादा क्ष-किरणांवर चालणाऱ्या घनता-मापनासाठी आहे आणि ते मापन आज प्रामुख्याने खुबा व कंबरेचे मणके यांच्या डेक्सा तपासणीने केले जाते. तो निकष टाचेच्या ध्वनिलहरींच्या आकड्याला जसाच्या तसा लावता येत नाही. अशा चाचणीने धोका असू शकतो एवढे सूचित होते, निदान होत नाही. त्यामुळे तो कागद फाडूनही टाकू नये आणि त्यावर शिक्कामोर्तबही करू नये. डेक्सा करून घ्यावी आणि ती करतानाही एक गोष्ट लक्षात ठेवावी: उतारवयात मणक्यांच्या कडांना हाडाचे काटे वाढलेले असतात, त्यामुळे कंबरेचा आकडा खोटाच चांगला दिसतो. या वयात खुब्याचा आकडा अधिक विश्वासार्ह असतो.

पाठीच्या बाकाकडे ‘वय झाले’ म्हणून दुर्लक्ष करू नका. मणक्यांचे निम्म्याहून अधिक अस्थिभंग रुग्णाला कळतही नाहीत. भरलेली बादली उचलताना मणका पुढच्या बाजूने दबतो, चार दिवस कंबर दुखते, बाम चोळला जातो आणि विषय मागे पडतो. तरुणपणीच्या तुलनेत उंची चार सेंटिमीटरहून अधिक घटली असेल, तर पाठीचा बाजूने घेतलेला एक्स-रे काढलाच पाहिजे. सोबत रक्तातील कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, ड जीवनसत्त्व, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि टीएसएच (थायरॉइडसाठी) तपासून घ्या. टीएसएच मुद्दाम सांगतो, कारण थायरॉइडच्या गोळीची मात्रा गरजेपेक्षा जास्त राहिली तर तीही हाडे झिजवते. आणखी एक विचारा: सांधेदुखीसाठी कोणाकडून नाव नसलेल्या पुड्या घेतल्या आहेत का? अशा पुड्यांमध्ये अनेकदा स्टेरॉइड असते, आराम झटकन मिळतो आणि हाडांची हानी मात्र गुपचूप होत राहते.

चालणे थांबवणे हा तर सर्वांत घातक उपाय ठरेल. त्याचे कारण समजण्यासाठी हाड म्हणजे काय हे थोडे पाहावे लागेल. प्रौढ माणसाच्या सांगाड्यात २०६ हाडे असतात आणि शरीरातील सुमारे ९९ टक्के कॅल्शियम त्यांत साठवलेले असते, म्हणून हाड म्हणजे कॅल्शियमचा दगड अशी समजूत होते. प्रत्यक्षात जावळी-कोयनेकडील जुन्या घरांच्या कुडात जशा कारवीच्या काठ्या आणि त्यांवर लिंपलेली माती असते, तशीच हाडात कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंची वीण आणि तिच्यावर बसलेले कॅल्शियम-फॉस्फेटचे स्फटिक असतात. काठ्यांशिवाय माती ढासळते आणि मातीशिवाय काठ्या वाकतात. शिवाय हे बांधकाम सतत चालू असते. काही पेशी जुने हाड कुरतडून काढतात, काही नवे भरतात आणि साधारणपणे दर वर्षी सांगाड्याचा दहावा हिस्सा नव्याने घडतो. कोठे भरायचे आणि कोठे काढायचे, हे मोठ्या प्रमाणात त्या हाडावर पडणाऱ्या भारावरून ठरते. जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्येच हा नियम मांडला होता. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची आणि अंतराळवीराची हाडे विरळ होतात ती याच कारणाने.

स्त्रियांच्या शरीरातील इस्ट्रोजेन हे संप्रेरक कुरतडणाऱ्या पेशींना आवर घालते. पाळी गेली की हा आवर सुटतो आणि पुढील पाच-सात वर्षांत हाडांची घनता वीस टक्क्यांपर्यंतही घटू शकते. मणके, मनगट आणि खुब्याचा भाग यांत जाळीदार हाड अधिक असल्याने तेथे त्याचा परिणाम आधी दिसतो. आपल्या सासूबाईंची पाळी ४३व्या वर्षी गेली, म्हणजे हा आवर बराच लवकर सुटला. मिश्रीविषयीही स्पष्टच सांगतो. त्यातील तंबाखू हाडांना अपायकारक आहे आणि मोडलेले हाड जुळण्याचा वेगही तिच्यामुळे मंदावतो. मिश्री सोडणे हा त्यांच्या उपचाराचाच भाग समजावा.

कोयनाखोरे

डॉक्टरसाहेब, आपण कुडाचा दाखला दिलात तो आम्हा पाटणकरांना लगेच समजला. आमच्याकडे जुनी माणसे रोज नाचणीची भाकरी खात असत. मग कॅल्शियमच्या गोळ्यांऐवजी नाचणी पुरेल का? गावातील काहीजण गव्हाच्या दाण्याएवढा चुना रोज ताकातून घेण्याचाही आग्रह धरतात.

आहारविचार (सांगली)

मी आहारशास्त्राची प्राध्यापिका आहे, म्हणून या प्रश्नाचे उत्तर थोडे हिशेबाने देते. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये सुचवल्याप्रमाणे प्रौढ व्यक्तीला रोज १००० मिलिग्रॅम आणि पाळी गेलेल्या स्त्रीला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात ते तिसाच्या आसपास, तर तेवढ्याच नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम असते, म्हणजे फरक दहापटींहून अधिक आहे. एका मध्यम नाचणीच्या भाकरीतून दोनशेच्या जवळपास मिळतात. मात्र नाचणीतील फायटेट हे द्रव्य कॅल्शियमला बांधून ठेवते, म्हणून तिला मोड आणून सत्त्व करणे किंवा पीठ आंबवून आंबील करणे ही आपल्याकडील जुनी पद्धत आहारशास्त्राच्या दृष्टीनेही उत्तम आहे.

दूध गाईचे असो वा म्हशीचे, शंभर मिलिलिटरमागे १२० मिलिग्रॅम तरी धरता येतात आणि त्यांतील तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास शरीरात शोषले जाते. पालकाचा आकडा कागदावर मोठा दिसला तरी त्यातील ऑक्झलेट या कॅल्शियम बांधून ठेवणाऱ्या द्रव्यामुळे जेमतेम पाच टक्के अंगी लागते, त्यामुळे कॅल्शियमसाठी पालकावर विसंबू नये. शेवग्याचा पाला आणि मेथी यांचा उपयोग अधिक. न सोललेल्या तिळात शंभर ग्रॅमला हजाराहून जास्त मिलिग्रॅम असतात, पण आपण तीळ खातो चमचाभर आणि त्यांतही ऑक्झलेट असते, म्हणून तिळाची चटणी जोडीला ठेवावी, मुख्य आधार म्हणून नव्हे. मासे चालत असतील तर काट्यासकट खाल्ले जाणारे सुकट फार चांगले.

येथे मला एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत दुधाचा धंदा मोठा आहे आणि पहाटे गोठ्यात राबणारी बाईच असते. तरीही कॅन डेअरीला गेल्यावर घरात उरलेले दूध आधी मुलांना, मग पुरुषांना आणि चहाला जाते. जिने धार काढली तिच्या वाट्याला दिवसभरात अर्धा कप दूधही येत नाही. आहाराविषयी विचारताना मी बायकांना ‘घरात दूध किती येते’ असे विचारत नाही, ‘तुमच्या पोटात किती जाते’ असेच विचारते. आपल्या सासूबाईंनी रोज एक पेला दूध, एक वाटी दही किंवा ताक आणि एक नाचणीची भाकरी स्वतःसाठी राखून ठेवली, तर गरजेचा निम्मा भाग आहारातूनच भागेल आणि गोळी केवळ उरलेल्या भागासाठी लागेल. प्रथिनेही विसरू नयेत, कारण डॉक्टरांनी सांगितलेल्या कारवीच्या काठ्या प्रथिनांच्याच असतात. डाळी, उसळी, अंडी यांपैकी काही तरी दोन्ही जेवणांत असावे.

चुना कृपया घेऊ नये. खाण्याचा चुना दाहक असतो, त्याची शुद्धता कोणी तपासलेली नसते आणि दाण्याएवढा म्हणजे नेमका किती हेही ठरलेले नसते. मोजलेली मात्रा गोळीत मिळत असताना हा धोका पत्करण्याचे काहीच कारण नाही.

दुष्काळी_ऊन (जत)

आमच्याकडे सूर्य वर्षभर तळपतो. तरीही माझ्या बहिणीच्या रक्तात ड जीवनसत्त्व फारच कमी निघाले. हे कसे शक्य आहे? ती विवाहानंतर तासगावकडे असते आणि बेदाण्याच्या शेडवर निवडाईला जाते.

अस्थिवैद्य (मिरज)

आपल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या शेवटच्या वाक्यातच आहे. आपल्या अक्षांशावर ऊन पुष्कळ असले तरी ते त्वचेवर पडले तरच उपयोगी. शेडमधील निवडाई सावलीत चालते, जाता-येता डोक्यावर पदर आणि अंगावर पूर्ण बाह्यांचा सदरा असतो, म्हणजे ऊन चेहऱ्याला आणि बोटांनाच लागते. त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील-ब किरण साधारणपणे सकाळी दहा-अकरा ते दुपारी तीन या वेळेत मिळतात. कोवळ्या उन्हात ते नगण्य असतात आणि खिडकीच्या काचेतून येतच नाहीत. सावळ्या त्वचेला गोऱ्या त्वचेपेक्षा अधिक वेळ लागतो. हात आणि पाय उघडे ठेवून आठवड्यातून काही दिवस अर्धा तास असे ऊन घ्यावे, मात्र जतच्या वैशाखात भर दुपारचा हट्ट करू नये.

बहिणीला बसल्या जागेवरून उठताना मांड्यांत अशक्तपणा आणि बरगड्या किंवा नडग्या दाबल्यावर दुखणे जाणवत असेल, तर तो ऑस्टिओपोरोसिस नसून अस्थिमृदुता असू शकते. लहान मुलांतील मुडदुसाचे ते प्रौढ रूप होय. त्यात हाडाचा साचा असतो पण त्यावर खनिज बसत नाही, आणि योग्य मात्रेत ड जीवनसत्त्व व कॅल्शियम दिल्यास सुधारणा फार चांगली होते. त्याच वेळी एक इशाराही देतो. ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल ही सामान्यतः आठवड्यातून एकदा, तीही ठरावीक आठवडेच घ्यायची असते. ती रोज घेणारे किंवा कोणालाही न विचारता वर्षानुवर्षे चालू ठेवणारे रुग्ण मी पाहिले आहेत. रक्तातील कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठ, मूत्रपिंडाची हानी येथपर्यंत मजल जाते.

तालीमवाला (कराड)

भाराचा मुद्दा वाचून लिहावेसे वाटले. आमच्या भागात लाल मातीत लहानपणापासून जोर-बैठका मारलेली जुनी मंडळी पंच्याहत्तरीतही ताठ चालताना दिसतात. जवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले, तेव्हापासून येथील घरोघरी एक तरी पोरगा आखाड्यात जात असे. पोरींना मात्र फार अलीकडेपर्यंत त्या मातीत पाय ठेवू दिला जात नव्हता. आता आमच्या तालमीत मुलीही येतात, याचा मला फार आनंद आहे. माझा प्रश्न असा की, साठीनंतर नव्याने व्यायाम सुरू करणाऱ्या स्त्रीने काय करावे?

अस्थिवैद्य (मिरज)

आपण मुलींचा उल्लेख केलात हे फार बरे झाले, कारण हाडांची कमाल घनता तिशीच्या आतच गाठली जाते आणि किशोरवयातील उड्या, धावणे, ओझे यांचा त्यात मोठा वाटा असतो. दहावीच्या वर्षात मुलीचा खेळ बंद करणाऱ्या पालकांना मी हे आवर्जून सांगत असे.

साठीनंतर रोजचे चालणे चांगलेच, पण केवळ चालण्याने घनतेत फारसा फरक पडत नाही. त्याला स्नायूंच्या बळाच्या व्यायामाची जोड हवी. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे, ओट्याला धरून टाचा उचलणे, भिंतीला हात टेकवून जोर काढणे, पालथे झोपून छाती किंचित उचलणे, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या हातात घेऊन हात वर नेणे, एवढ्यापासून सुरुवात करून फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली भार वाढवावा. एका पायावर उभे राहण्याचा सरावही करावा, कारण खुब्याचे हाड बहुतेक वेळा पडण्यामुळेच मोडते आणि तोल सांभाळता आला तर पडणेच टळते. मणका दबलेला असल्यास कंबरेतून पुढे वाकणारे आणि पाठ पिळणारे व्यायाम वर्ज्य. सूर्यनमस्काराबद्दल नेहमी विचारले जाते, अशा रुग्णाने तो करू नये.

घरातही पाहावे. शेवाळलेले अंगण, न्हाणीघरातील ओली फरशी, रात्री शौचालयाकडे जाणारी अंधारी वाट, मोतीबिंदू झालेले डोळे आणि झोपेची गोळी यांनी जेवढे खुबे मोडलेले मी पाहिले, तेवढे मोठ्या अपघातांनी मोडलेले पाहिले नाहीत.

माणदेशी

खुबा मोडल्यावर आमच्याकडे आजही आधी हाडवैद्याकडे नेतात. त्यांच्या पट्टीने अनेकांचे हात-पाय बरे झालेले आहेत, हेही खरे आहे.

अस्थिवैद्य (मिरज)

पिढ्यान्‌पिढ्या हाताच्या स्पर्शाने सांधा निखळलेला ओळखणाऱ्या या मंडळींविषयी माझ्या मनात अनादर नाही. परंतु खुब्याच्या मानेचा अस्थिभंग पट्टीने जुळत नाही, कारण तेथील रक्तपुरवठाच तुटलेला असू शकतो. वृद्ध रुग्ण अंथरुणावर पडून राहिला की न्यूमोनिया, पाठीवरच्या जखमा आणि पायातील रक्ताच्या गुठळ्या त्याच्या जिवावर बेततात. शक्यतो पहिल्या दोन दिवसांत शस्त्रक्रिया करून त्याला लवकरात लवकर उभे करणे हाच उपचार आहे. मुलांच्या बाबतीतही घट्ट पट्टी धोक्याची असते. कोपराजवळ मोडलेल्या हातावर आवळून बांधल्याने बोटे कायमची आखडलेली मुले मी पाहिली आहेत. पट्टी वा प्लास्टर कोणीही घातलेले असो, बोटे निळी पडली, बधिर झाली किंवा ती ताणल्यावर असह्य वेदना झाल्या, तर त्याच क्षणी ते सैल करून रुग्णालय गाठावे.

ऊसपट्टा (वाळवा)

मी आरोग्यसेविका आहे. पाळी लवकर जाण्याचा मुद्दा निघाला म्हणून लिहिते. दर हंगामात आमच्या कारखान्यांच्या परिसरात बीडकडील तोडकरी कुटुंबे येतात. २०१९ मध्ये राज्य शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा त्यांतील १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. यांतील अनेकजणी तिशी-चाळिशीतील आहेत. कोपीवर, म्हणजे त्यांच्या झोपडीवर, भेटायला जाते तेव्हा कंबर आणि पाठ दुखते असे त्या सांगतात आणि त्याच अवस्थेत डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढतात. त्यांच्या हाडांचा विचार कोणी करते का?

अस्थिवैद्य (मिरज)

सेविकाताई, आपण या धाग्यातील सर्वांत गंभीर प्रश्न विचारला आहे. गर्भपिशवीबरोबर दोन्ही अंडाशयेही काढली असतील, तर इस्ट्रोजेन एका दिवसात थांबते आणि पस्तिशीतील स्त्रीच्या हाडांची झीज साठीच्या वाटेने सुरू होते. अंडाशये राखली असली तरी ती काही वर्षे आधी थकण्याची शक्यता असते. म्हणून अशा प्रत्येक स्त्रीच्या शस्त्रक्रियेच्या कागदांवर अंडाशये काढली की ठेवली, हे पाहून आपल्या नोंदवहीत लिहून ठेवा. काढली असल्यास आणि वय पंचेचाळिशीच्या आत असल्यास स्त्रीरोगतज्ज्ञाकडे संप्रेरक उपचाराविषयी विचारणे आवश्यक आहे. कागद नसतील तर सोनोग्राफीने बराचसा उलगडा होतो. पाठदुखी अचानक आणि तीव्र झाली असेल तर मोळी उचलणे थांबवून एक्स-रे काढावा. हंगाम बुडेल या भीतीने ती थांबणार नाही, हे मलाही कळते, आणि त्यासाठी मुकादमाशी बोलण्याचे जे काम आपण करत असाल त्याचे मोल कोणत्याही औषधाहून कमी नाही.

वेण्णाकाठ (सातारा)

सर्वांचे मनापासून आभार. तपासण्या झाल्या आहेत. डेक्सामध्ये खुब्याचा आकडा उणे २.३ आला, म्हणजे निकषानुसार ऑस्टिओपोरोसिसच्या थोडा अलीकडे, पण पाठीच्या एक्स-रेमध्ये एक मणका पूर्वीच दबलेला दिसला. मनगट आणि मणका या दोन्हींमुळे आकड्याकडे न पाहता उपचार सुरू करावेत असे तेथील डॉक्टरांनी सांगितले. ड जीवनसत्त्व कमी होते, ते आधी भरून काढले. मूत्रपिंडाचे अहवाल चांगले आहेत, दातांची तपासणीही करून घेतली. आता आठवड्यातून एकदा हाडांची झीज रोखणारी अलेंड्रोनेट ७० मिलिग्रॅमची गोळी दिली आहे. सासूबाई पुन्हा शेतावर जाऊ लागल्या आहेत आणि मिश्रीचा डबा त्यांनी स्वतःहून माझ्या हाती दिला आहे. फक्त एक अडचण राहिली आहे. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, ही नवी गोळीही उपाशीपोटी आणि कॅल्शियमही रोज घ्यायचे आहे, तर यांचा क्रम कसा लावावा?

अस्थिवैद्य (मिरज)

आठवड्याचा एक वार ठरवून घ्या. त्या दिवशी सकाळी उठल्यावर सर्वांत आधी अलेंड्रोनेट, तेही पेलाभर साध्या पाण्याबरोबर, चहा किंवा दुधाबरोबर मुळीच नाही. गोळी चघळायची नाही आणि त्यानंतर किमान अर्धा तास आडवे व्हायचे नाही, वाकून झाडलोट करायची नाही, बसावे किंवा फिरावे, कारण गोळी अन्ननलिकेत अडकल्यास तेथे व्रण होतो. अर्ध्या तासाने थायरॉइडची गोळी पाण्याबरोबर आणि तिच्यानंतर आणखी अर्धा ते एक तास थांबून चहा-न्याहारी. इतर सहा दिवस थायरॉइडची गोळी नेहमीप्रमाणे. कॅल्शियम दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणाबरोबर घ्यावे, एका वेळी ५०० मिलिग्रॅमहून अधिक नको, आणि थायरॉइडच्या गोळीपासून चार तासांचे अंतर राहिले पाहिजे. गिळताना दुखणे किंवा छातीत जळजळ सुरू झाल्यास गोळी थांबवून आपल्या डॉक्टरांना कळवा. वर्षातून एकदा घ्यायचे शिरेतील इंजेक्शन हा पर्याय त्यांच्याकडे उपलब्ध असतो. दात काढायची वेळ आली तर दंतवैद्याला या औषधाविषयी आधी सांगावे आणि मांडीत नव्याने दुखू लागल्यास तेही दुर्लक्षू नये. साधारण पाच वर्षांनी पुन्हा तपासून औषध चालू ठेवायचे की काही काळ थांबवायचे, हे ठरवले जाते, तोपर्यंत ते मधेच सोडू नये.

वेण्णाकाठ (सातारा)

सोमवार ठरवला आहे. क्रम कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून देवघराशेजारी चिकटवला आहे. दोन वर्षांनी पुन्हा डेक्सा होईल, तेव्हाचा आकडा याच धाग्यावर नोंदवीन.